घरात उर्दू बोलू नका

"कम, सर. सिट," अल्फियाची आई दारातच म्हणाली. मग ओढणी तोंडाला लावून हसली. "बस, इतनीच आती."

अकोल्याच्या जुन्या शहरातलं ते दोन खोल्यांचं घर. वडील शिंपी. मशीन बाहेरच्या खोलीतच. चार वर्षांची अल्फिया चर्चच्या आवारातल्या शाळेत केजीत होती. त्या शाळेत मी दर गुरुवारी अमरावतीहून जातो. माझं काम अर्ली इंटरव्हेन्शनचं. म्हणजे मूल बोलण्यात, समजण्यात मागे पडत असेल तर ते वेळेवर हेरायचं आणि लगेच मदत सुरू करायची.

आठ महिन्यांपूर्वी मी अल्फियाला तपासलं होतं. ती चार-पाच शब्द बोलायची, तेही अर्धवट. घरी उर्दू, गल्लीत मराठी, वर्गात इंग्रजी. मी लगेच निकाल दिला, "तीन भाषांत मूल गोंधळलंय. घरात उर्दू बंद करा. शाळेची भाषा बोला."

घरात दोन-तीन भाषा असल्यानं मूल बोलायचं थांबत नाही, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण बाहेर पालकांची रांग होती आणि हे उत्तर हाताशी होतं. त्या घरात उर्दूऐवजी इंग्रजी असती, तर ती बंद करा असं मी म्हटलं असतं का? नसतं.

वर्गातल्या आया निर्मलाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सर, तिले मांगून आवाज देल्ला त पायतच नाई."

"लाजाळू आहे हो, बाई."

"कायची लाज! माह्या हाती खाऊचा डबा दिसला का पयत येते."

मी हसलो आणि फाइल मिटली.

आठ महिन्यांनीही अल्फिया बोलेना, म्हणून आता त्या घरात बसलो होतो. आई मुलीला "ईट" म्हणाली, "सिट" म्हणाली. पुढे शब्द नव्हते.

"मैं भी चुपच रैता, सर," वडील म्हणाले. "मूँ खोला तो उर्दू निकलती. बीवी से झगड़ा भी इशारे में करना पड़ता."

आई हसली नाही. "सर, एक बात पूछूँ? ये सो जाती ना, तब इसके कान में उर्दू बोली तो चलता क्या? नुकसान तो नहीं होता? बहुत बातें रह गई हैं."

तेवढ्यात वडिलांच्या हातून मोठी कात्री फरशीवर पडली. मी दचकलो. कात्रीकडे पाठ करून बसलेली अल्फिया चिंध्यांशी खेळत राहिली.

बाहेर येऊन मी प्रिन्सिपल सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, माझी चूक झाली. मुलीचे कान तपासायचे राहिले."

"आईला सांगितलं?"

"अजून नाही."

"मग मला आधी काय सांगता?"

मी परत आत गेलो आणि सगळं सांगितलं. वडिलांनी कात्री उचलून मशीनवर ठेवली. आईनं एकच विचारलं, "तो उर्दू की गलती नहीं थी?"

"नहीं. गलती मेरी थी."

पुढच्याच आठवड्यात अमरावतीला तपासणी झाली. मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावतात आणि आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. अल्फियाला दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. काही दिवसांनी श्रवणयंत्रं बसली.

"आता बोला," मी आईला म्हणालो.

"क्या बोलूँ?" तिला काही आठवेचना. मग मुलीच्या पायांकडे लक्ष गेलं. "अगे, एक चप्पल कहाँ फेंकी तूने?"

अल्फियानं झटकन वर बघितलं. मग आई थांबलीच नाही. चप्पल, फ्रॉक, मामूची बकरी, ईदला सांडलेला शीरखुर्मा, सगळं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

अल्फिया आता बोलते, हळूहळू. अजून तिच्या वयाच्या मुलांच्या बरीच मागे आहे. त्यातले आठ महिने माझे. तिची आई मला एकदाही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता मूल बोलत नसेल तर मी आधी कान तपासून घेतो. आया काय म्हणते ते लिहून ठेवतो. घरात कुठली भाषा बोलावी, हे सांगत नाही.