भाईंची कारवी

"दमानं घ्या, उजेड येतोय," असं म्हणत भाई दुकानाच्या पायरीवर येऊन आभाळाकडे बघत उभे राहायचे. आत पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाईक नटून बसलेलं असायचं. आतले दिवे चालू असायचे, त्यामुळे बाहेरच्या उजेडाचा त्या फोटोशी काडीचा संबंध नसायचा. पण तेवढ्या वेळात बसलेला माणूस सैल व्हायचा, कॉलर ओढायचा थांबायचा, आणि फोटो चांगला यायचा. भोरमधली कितीतरी माणसं ओळखपत्रावर माणसांसारखी दिसतात, ती या आभाळ बघण्यामुळे.

त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीला लागून माझा कॉम्प्युटर क्लास होता. स्वतःचा चहा सांगताना आपलाही सांगून टाकणारा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. भाई तसे होते. एका सकाळी ते वीतभर आकाराचा लॅपटॉप छातीशी धरून आले. पुण्याच्या भाच्याने जुना म्हणून दिला होता.

"मॅडम, ह्याला कॅमेऱ्याशी बोलाय शिकवायचं."

"कशाला?"

"कारवी फुलणार हाय. म्या दुकान सोडून दिवसभर डोंगरावर बटण दाबत बसू का? ह्यानं दाबावं. थोड्या थोड्या वेळानं एक फोटो. मग सगळे फोटो एकामागं एक पळवले की कळी उमलताना दिसंल."

कारवीची झुडपं आपल्या डोंगरांवर सगळीकडे आहेत, पण ती फुलतात सात वर्षांतून एकदा. वेल्ह्याच्या वर, तोरण्यासमोरचा एक उतार तेव्हा निळा-जांभळा होतो. तो उतार दाखवायचं वचन भाईंनी लग्नात बायकोला, म्हणजे भाभींना, दिलं होतं. पहिल्या फुलोऱ्याच्या वेळी मुलगी पोटात होती. पुढच्या वेळी सासरे आजारी पडले. त्यानंतरचे दोन फुलोरे दुकानाच्या धावपळीत निघून गेले. आता मुलगी संसाराला लागली होती आणि भाभींचे गुडघे जिना चढायलाही तयार नव्हते.

"ती काय आता वर येत न्हाई," भाई म्हणाले. "मग डोंगरच खाली आणू."

मला यातलं काही येत नव्हतं. इंटरनेटवर शोधून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, कॅमेरा वायरने जोडला, आणि आम्ही दोघं रोज दुपारी डोकं लावत बसलो. कॅमेरा ढिम्म. एकदा भाई अगदी भिंगासमोर तोंड नेऊन "का रं बाबा, रुसलास का?" असं विचारत होते, तेवढ्यात तो आपोआप वाजला. उघड्या तोंडाचा, कपाळभर आठ्यांचा तो फोटो त्यांनी चौकट करून दुकानात लावला. कोणी विचारलं की सांगायचे, "ह्यो माणसानं काढलेला न्हाई."

त्या उताराच्या कडेला धनगरांची एक वस्ती आहे. तिथल्या एका आजींचं घर अगदी शेवटचं. भाईंनी तेलाच्या डब्याला काच बसवून कॅमेऱ्याचं घर केलं आणि डबा झुडपांत रोवला. तिथून वायर आजींच्या पडवीत आणली, तिथे लॅपटॉप ठेवला. वीज यायची-जायची, म्हणून सोबत एक बॅटरी. सकाळी उजाडल्यावर कॉम्प्युटर कॅमेऱ्याला उठवायचा, अंधारून आलं की झोपवायचा.

दोन दिवसांनी भाई एसटीने वेल्ह्याला जाऊन वर चढले, तर फोटो पहिल्याच सकाळी थांबलेले.

"तुमची तार माझ्या शेळीनं खाल्ली," आजी म्हणाल्या. "लई न्हाई, थोडीच खाल्ली. पर तिला काय होनार न्हाई ना?"

भाईंनी आधी शेळीचं तोंड तपासलं, मग वायरीचं. नवी वायर आली. आजींनी तिच्यावर बोराटीच्या काट्या अंथरल्या आणि शेळीला पडवीबंदी केली. पुढे दर दोन दिवसांनी त्या भाईंना "आज तुमच्या डब्यानं लई टकटक केली" असा अहवाल द्यायच्या.

निम्मा उतार फुलल्यावर भाईंनी तोवरचे फोटो खाली आणले. भाभींना खुर्चीत बसवलं, खिडकी लावून घेतली आणि मला बोलावलं. टीव्हीवर तोरणा दिसला. धुकं दुधासारखं उतू जात होतं. मग झुडपांवर एक निळा ठिपका आला, दुसरा आला, आणि बघता बघता हिरव्यातून निळं वर येऊ लागलं. जवळची एक कळी थरथरत उघडली. भाई टीव्हीकडे बघतच नव्हते. ते भाभींकडे बघत होते.

फोटो संपताच भाभींनी खुर्ची मागे सरकवली. त्यांना आवडलं नाही की काय, असं मला वाटलं.

"एवढं असतं व्हय ते," त्या म्हणाल्या. "आन हे मी घरात बसून बघू? मला न्या."

"अगं, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. तुमी गाडीचं बघा."

भाई इतके गोंधळलेले मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी जीप निघाली. पायथ्याला वस्तीतले चौघे बांबूंना खुर्ची बांधून तयार होते. एरवी ती डोली आजारी माणसाला खाली आणायला लागायची. वर न्यायला ती पहिल्यांदाच निघाली होती. "लग्नातबी एवढी मिरवले न्हवते," असं म्हणत भाभी हसत होत्या. भाई डोलीच्या पुढे चालत वाटेतले दगड बाजूला करत होते.

वर पोचल्यावर भाभींनी चपला काढल्या आणि सरळ फुलांत जाऊन बसल्या. भाईही शेजारी बसले. आजींनी गरम भाकरी आणि ठेचा आणला. काही दाखवायची, सांगायची गरज उरली नव्हती.

भाई जाऊन आता काही वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. कारवीची पूर्ण फिल्म मात्र माझ्याकडे आहे, भाभी आल्या की आम्ही ती लावतो. त्या दिवशी झुडपांतला डबा बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्यामुळे शेवटाकडे दोन माणसं येऊन पाठमोरी बसलेली दिसतात. ढग धावत जातात, शेळ्या ओढ्याच्या पाण्यासारख्या वाहून जातात, आजी इकडे दिसतात न दिसतात तोच तिकडे असतात. ती दोघं तेवढी जागची हलत नाहीत, आणि त्यांच्या चहूबाजूंनी कारवी उघडत राहते.