बोटांकडं बघू नका

आमच्या हिमरू शालींच्या कारखान्यात परदेशी पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात. मागच्या हिवाळ्यात आलेला पोलंडचा तो म्हातारा मात्र माझ्या हातमागासमोर स्टुलावर बसला तो तासभर हललाच नाही. कापडाकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो माझे हात बघत होता आणि मांडीवर त्याची डावी बोटं माझ्या धोट्याच्या तालात चालत होती. उजवा हात खिशात.

सोबतचा गाईड म्हणाला, "चाचा, हे लई मोठे पियानोवाले. पाचव्या वर्षापासून शिकले. हात स्थिर राहावा म्हणून मास्तर मनगटावर नाणं ठेवायचे. नंतर तीस वर्षं देशोदेशी वाजवलं."

"आणि आता?"

म्हाताऱ्यानं उजवा हात बाहेर काढला. चहाचा कप उचलला, शर्टाचं बटण लावलं. सगळं नीट. मग पियानोवर ठेवावीत तशी बोटं मागाच्या लाकडावर ठेवली, तर शेवटची दोन आत वळली, जाळ्यात मेलेल्या कोळ्याच्या पायांसारखी. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते.

"कशानं झालं?" मी विचारलं.

त्याचं बोलणं ऐकून गाईड म्हणाला, "एकदा वाजवता वाजवता त्यांनी बोटांकडं बघितलं. ही चालतात कशी, असा विचार केला. तिथून बिघडलं."

जाताना म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी पुटपुटला. गाईडनं सांगितलं, "म्हणतायत, तुम्ही कधी बघू नका."

चाळीस वर्षं मी बघितलं नव्हतं. आता रोज बघतो. धागा रोज तुटतो.