मी ओळखपत्र मागितलं होतं

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत त्या वर्षी लागोपाठ तीन मंगळसूत्रं गेली. दोन हजार सालानंतरची ती गोष्ट. चोरांच्या मोटारसायकली वेगवान झाल्या होत्या आणि आम्ही बायका मात्र पूर्वीच्याच चालीनं भाजी आणायला जात होतो. तिसऱ्या मंगळसूत्रानंतर पोलीस ठाण्यानं एक हवालदार पाठवले. गणपतीच्या देवळाच्या शेडमध्ये दुपारी चार वाजता सभा ठरली, फक्त महिलांसाठी. मी शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.

हवालदार पोटानं मोठे आणि आवाजानं नाजूक होते. ते म्हणाले, "हिसकावणारे परवडले. गोड बोलून काढून नेतात ते वाईट. कोणीतरी पुढं या, दाखवतो."

पुढे गेल्या आमच्या सासूबाई. सरकारी छापखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. तिथं रोज सुटताना गेटवर झडती व्हायची. त्या म्हणायच्या, "आयुष्यभर झडती दिली, आता घ्यायची राहिलीय."

हवालदारांनी भामट्याचं सोंग घेतलं. "मावशी, मी पोलीस. पुढं मारामारी झालीय. बांगड्या काढा, रुमालात बांधून देतो, तशाच घरी जा." सासूबाईंनी बांगड्या काढल्या. चाळीस बायका डोळे फाडून बघत होत्या. हवालदारांनी गाठ मारली, पुरचुंडी दिली. सोडली तर आत दोन खडे! बांगड्या त्यांच्या खिशात.

शेडमध्ये हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. "बोटं फार चालतात हो तुमची," एवढंच म्हणाल्या आणि बांगड्या मोजून घेतल्या.

मग हवालदारांनी तीन नियम सांगितले. ओळखपत्र मागा. रस्त्यात कोणाच्याही सांगण्यावरून दागिने काढू नका. शंका आली की ठाण्यात फोन करा. मी ते सुवाच्य अक्षरात देवळाच्या फळ्यावर लिहिले. खाली 'सावध' शब्दाला दोन रेघा मारल्या.

महिन्याभरानं भर दुपारी साध्या कपड्यातला एक तरुण आमच्याकडे आला. ह्यांच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी ठाण्यातून आलोय म्हणाला. सासूबाईंनी त्याला जाळीच्या व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं आणि ओळखपत्र मागितलं. त्यानं दिलं. त्या आत येऊन माझ्या कानाशी लागल्या. "फोटोतल्याला मिशी आहे. याला नाही."

"अहो आई, काढली असेल."

"मिशी पोलीस काढत नाहीत," त्या म्हणाल्या. घराचं पुढचं दार आतून लावलं, मागच्या दारानं वळसा घालून गेल्या आणि जाळीला बाहेरून कुलूप घातलं.

तरुण आधी हसला. मग घाबरला. मग जाळी धरून उभा राहिला. तो सटाण्याकडचा होता. इतका वेळ पुस्तकी मराठी बोलत होता, ती सुटली आणि घरची बोली बाहेर आली. "माय वं, मी खराज पोलीस शे! लगीन ठरनं म्हनीसन मिशी काढी!"

"लग्न ठरलं तर अभिनंदन," सासूबाई म्हणाल्या आणि जाळीखालच्या फटीतून त्याला पोह्यांची बशी सरकवली. तोवर शेजारपाजार जमला होता. मी ठाण्यात फोन केला. वीस मिनिटांनी तेच हवालदार स्कूटरवरून आले आणि जाळीआड पोहे खाणारा आपला शिपाई बघून पोट धरून हसले.

"सोडा मावशी. आमचाच आहे."

"तुमचं ओळखपत्र?" सासूबाईंनी विचारलं.

हवालदारांनी खिसे चाचपले. ते दुसऱ्या शर्टात राहिलं होतं. अखेर ठाण्यातल्या साहेबांनी फोनवर दोघांचीही हमी घेतली, तेव्हा कुलूप निघालं.

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. मिशीपाशी थांबायची, सगळ्या हसल्या की पुढे जायची. किमान पाच वेळा तरी सांगितला असेल.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी सकाळची शाळा करून मी घरी निघाले होते. हातात मेथीची जुडी. उन्हात लख्ख रस्ता, माणसांची ये-जा. इस्त्रीच्या कपड्यातले दोघं आडवे आले. "मॅडम, थांबा. आत्ताच पुढच्या चौकात एका बाईंवर चाकू चालला. साहेबांनी तपासणी लावलीय."

मी ताठ उभी राहिले. "ओळखपत्र दाखवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्यानं अदबीनं कार्ड काढलं. मी फोटो पाहिला, चेहरा पाहिला. दोन्हीकडे मिशी होती. "वा, मॅडम!" तो म्हणाला. "सगळ्या भगिनी अशा जागरूक झाल्या, तर आम्हाला कामच उरणार नाही. शिक्षिका आहात ना? वाटलंच."

मी आयुष्यभर मुलांना शाबासकी वाटत आले. मला कोणी दिल्याला बरीच वर्षं झाली होती. ती इतकी गोड लागली की उरलेले दोन नियम मी, माझ्याच अक्षरातले, साफ विसरले. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या मी स्वतःच्या हातानं काढल्या. रुमाल त्यांचा, गाठ त्यांची. वर मी "धन्यवाद" म्हणाले.

घरी येऊन पुरचुंडी सोडली. आत खडे होते आणि फुटक्या बशीचा एक तुकडा.

मी ओट्याला टेकून खालीच बसले. सासूबाईंनी रुमालाकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं. आता ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्या म्हणाल्या, "चहा घे आणि पदर नीट कर. ठाण्यात जायचंय."

"मी येत नाही. मी फळ्यावर लिहिलं होतं, आई."

"चोरी त्यांनी केली. तू का तोंड लपवतेस?"

ठाण्यात टेबलाशी तोच सटाण्याचा शिपाई होता. मिशी पुन्हा वाढू लागली होती. मला वाटलं, आता हा सूड घेणार. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मान खाली घालून लिहीत राहिला. एकदाच थांबला. "ताई, ओळखपत्र मागितलं होतं?"

"मागितलं होतं," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्यालाही काय करावं कळेना. त्यानं टेबलावरची बिस्किटं पुढे सरकवली.

पुढच्या सभेला हवालदार मला म्हणाले, "मॅडम, मी खेळ करून दाखवतो, बायका हसतात आणि घरी जातात. तुम्ही सांगा."

मी नको नको म्हणत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शाबासकीसकट. कोणी हसलं नाही. सभा संपली, चपला शोधायची गडबड सुरू झाली, तेव्हा मागच्या गल्लीतल्या एक काकू माझ्याजवळ सरकल्या. कॉलनीतल्या सगळ्यात कडक बाई. कुजबुजत म्हणाल्या, "मला ते दोघं 'साक्षात देवी दिसता' म्हणाले होते गं. हे गळ्यातलं खोटं, बेन्टेक्सचं आहे. दोन वर्षं झाली, आमच्या ह्यांना अजून पत्ता नाही."

त्यांच्यामागे आणखी एक उभी होती. तिला ते 'अगदी माझ्या थोरल्या बहिणीसारख्या दिसता' म्हणाले होते. मग तिसरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तिघींना गोळा केलं. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाचही जणी दोन रिक्षांत बसून ठाण्यात गेलो. त्या दोघांचं वर्णन प्रत्येकीनं वेगळं दिलं, पण त्यांनी आपलं काय कौतुक केलं ते मात्र प्रत्येकीला शब्दन् शब्द पाठ होतं. शिपाई बिचारा तेही इमानदारीत लिहून घेत होता. पुढे ते दोघं मालेगावच्या बाजूला सापडले, तेव्हा सोनं वितळून गेलेलं होतं. आमचं काही परत मिळालं नाही.

काकूंनी मात्र त्याच संध्याकाळी नवऱ्याला खरं सांगून टाकलं. ते म्हणे चष्मा लावून गळ्यातलं निरखत राहिले आणि मग म्हणाले, "पण चांगलं दिसतं गं हे. आहे तेच राहू दे."