नऊ खंडेनवम्या आणि तिसरा सिलिंडर

आमची जीप बागेतल्या मांगरात नऊ वर्षं उभी होती. मांगर म्हणजे चिऱ्याच्या भिंतींची, कौलारू, शेतावरची खोली. अर्ध्या जागेत आंब्याच्या पेट्या, अर्ध्या जागेत जीप. १९९३चा हंगाम संपला आणि मोतीबिंदूमुळे वडिलांनी गाडी चालवणं थांबवलं. पुढे ऑपरेशन झालं, नजर सुधारली, पण जीप बाहेर निघाली नाही.

२००२ साली शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, थोरल्या भावाने विषय काढला. बाग तोच सांभाळत असे. मी तेव्हा रत्नागिरीत एका दैनिकात नोकरीला होतो आणि त्या दिवशी सुट्टीवर होतो.

"अण्णा, पेट्या भरायला जागा नाही. पाडव्यापर्यंत गाडी हलली तर ठेवू. नाहीतर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येतोय. मी शब्द दिलाय त्याला."

वडील म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. मुदत पंधरा दिवसांची होती.

पहिल्या दिवशी शहरातला गॅरेजवाला आला. त्याने पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं, त्याला लोंबकळला आणि इंजिन जाम झाल्याचं सांगितलं. ते उतरवून कोल्हापूरला पाठवावं लागेल, असं म्हणून तो निघून गेला. वडील दुसऱ्या दिवशी रिक्षाने मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला घेऊन आले. त्यामागे हिशेब साधा होता. मच्छीमार होड्या पावसाळाभर किनाऱ्यावर असतात, खाऱ्या हवेत त्यांची इंजिनं धरतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ती सोडवावी लागतात. जाम इंजिन हे त्या माणसाचं दरवर्षीचं काम होतं.

मिस्त्री पंचेचाळिशीचा होता. आठवीत तो वडिलांच्या वर्गात होता. वडील हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. त्याने चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकात टॉर्च मारली. तिसऱ्यापाशी तो थांबला.

"सर, ह्याच्यात पाणी कोणी घातलं?"

वडील वाकून त्या भोकात बघू लागले. मिस्त्री पुढे म्हणाला,

"तीन सिलिंडर नुसते सुकलेत. हा एकटा गंजलाय. कौलं गळतात काय?"

"नाही," वडील म्हणाले. "मी घातलं. खंडेनवमीला."

हकीकत अशी होती. खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, कुदळी आणि पंपाबरोबर जीपचीही पूजा व्हायची. वडील बॉनेट उघडत, एअर फिल्टर काढून ठेवत, बादलीभर पाण्याने इंजिन धूत आणि कार्बोरेटरच्या तोंडाला हळदकुंकू लावत. इंजिन श्वास घेतं ती जागा हीच, म्हणून कुंकू तिथे. त्यातलं थोडं पाणी दर वर्षी आत उतरत होतं. इंजिन थांबलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, म्हणून ते तिथेच साचलं. अशा नऊ खंडेनवम्या झाल्या.

मिस्त्री बॉनेटला टेकून हसला. "सर, लोखंडाला गंज का चढतो, हा प्रश्न तुम्ही मला आठवीत घातला होता. दोनपैकी शून्य दिलेत."

"तू काय लिहिलं होतंस?"

"म्हातारपणामुळे."

वडीलही हसले. मग त्यांनी विचारलं, "सुटेल का?"

"सुटेल. पण बळ लावायचं नाही. वजन टाकायचं."

त्याने रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळलं, चारही भोकांत ओतलं आणि वर चिंध्यांचे बोळे बसवले. रोज दोन वेळा मिश्रण कमी झालं की भर घालायची. दोन वेळा हँडलवर तळवे ठेवून अंगाचा भार द्यायचा. झटका द्यायचा नाही. एवढं सांगून तो बंदरावर परतला.

हे काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं. त्यांचं वय बाहत्तर होतं. त्यांनी पुढच्या पुलीवर आणि तिच्या समोर इंजिनावर खडूने एकेक रेघ मारली, म्हणजे हालचाल झाली तर दिसेल. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच या वेळा ठरवल्या. शाळेच्या जुन्या वहीत नोंदी ठेवल्या. ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या सात दिवसांच्या चौदा नोंदींत एकच शब्द आहे: स्थिर.

नवव्या दिवशी भावाचा धीर सुटला. "अण्णा, टेम्पोला दोर बांधून एकदा ओढू. चाकं फिरली की इंजिन फिरेलच."

"पिस्टन जागेवर धरलेला आहे आणि खालून चाकं जोर लावणार. मधे काय आहे?"

"रॉड."

"मग मोडेल काय?"

दोर पुन्हा खुंटीला गेला.

दहाव्या दिवशी सकाळी वहीत स्थिर नाही. तिथे लिहिलंय: नखभर. खडूच्या दोन रेघा समोरासमोर राहिल्या नव्हत्या. वडिलांनी हँडल पुढे रेटलं नाही. जेवढं पुढे गेलं तेवढंच मागे आणलं, आणि पुन्हा पुढे. संध्याकाळी बोटभर. अकराव्या दिवशी पाव फेरा. बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पूर्ण फेरा झाला, तेव्हा आईला हाक मारून त्यांनी तो तिच्यासमोर परत करून दाखवला. ती म्हणाली, "आता तरी घामाचा सदरा काढा."

उरलेले दोन दिवस साफसफाईत गेले. भोकांतलं तेल बाहेर काढलं, ऑइल बदललं, टाकी धुतली, बॅटरी नवी बसवली. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री आला. स्टार्टर चालत नव्हता, म्हणून हँडलवर भाऊ आणि स्टिअरिंगवर वडील.

"अंगठा बोटांच्या बाजूला," वडील आतून म्हणाले. हँडल उलटं फिरलं तर वेगळा ठेवलेला अंगठा मोडतो.

"माहितीय, अण्णा. तुम्हीच शिकवलंत."

सहाव्या फेऱ्याला इंजिन लागलं. निळा धूर मांगराच्या दारातून बाहेर गेला आणि समोरच्या कलमावरचे कावळे उडाले. भाऊ हसत बाजूला झाला. वडील हसले नाहीत. मान तिरकी करून ऐकत होते.

"तीनच चालतायत. तिसरा येत नाही."

मिस्त्रीने बोट वर करून थांबायला सांगितलं. साधारण दोन मिनिटं गेली. मग थडथड कमी झाली आणि आवाज एकसारखा झाला. तिसऱ्याची भर पडली ती मलाही कळली. वडिलांनी डोळे पुसले. धूर होता, हेही नोंदवायला हवं.

"सर, आता द्या मार्क," मिस्त्री म्हणाला.

"दोनपैकी दोन. तुला. मला शून्य."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. भावाने त्याला फुटका पंप आणि लोखंडी पलंग दिला आणि जीपकडे बोट दाखवून म्हणाला, "ही चालू गाडी आहे." हे वाक्य त्याने गरजेपेक्षा मोठ्याने उच्चारलं. वडील ओटीवर होते.

आठवड्याने पहिल्या पेट्या निघाल्या. वडिलांच्या लायसन्सची मुदत संपली होती. त्यामुळे मांगरापासून बागेच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, जीप त्यांनी चालवली, बेड्याशी उतरले, आणि पुढे रस्त्याला भावाने नेली. मी पेट्यांबरोबर मागे बसलो होतो. वळणापर्यंत ते दिसत होते: पांढरा सदरा, हात कमरेवर.

त्या वर्षी खंडेनवमीला बॉनेट उघडलंच नाही. वडिलांनी बंद बॉनेटवर झेंडूची माळ ठेवली आणि कोरडं कुंकू लावलं. आईने तांब्या पुढे केला, तेव्हा म्हणाले, "तो तुळशीला."