परकराच्या तीन दुमडी

मी पोटात होते तेव्हाच वडिलांनी पुण्याहून बालसंगोपनाचं एक पुस्तक व्ही. पी.ने मागवलं होतं. तळोद्यात ते पुस्तक असलेलं आमचं एकच घर. ओसरीवर येऊन बसलेल्या माणसाला वडील ही गोष्ट दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्यात सांगत. बालकाच्या विकासाचे टप्पे त्यात ओळीने दिले होते: मान कधी धरावी, पालथं कधी पडावं, पहिला शब्द कधी आणि कोणता. वडिलांनी शेजारी शिसपेन्सिलीने माझ्यासाठी रकाना आखला होता. तो बराच काळ रिकामाच राहिला.

पुस्तकातलं बाळ दहाव्या महिन्यात उभं राहत होतं. मी दीड वर्षाची होईपर्यंत बसून होते. वडिलांनी सुताराकडून तीन चाकांचा पांगुळगाडा करवून आणला. मी त्याच्यावर बसले.

"पुस्तकात बघ," वडील आईला म्हणत, "ते मूल आता पायऱ्या चढतंय."

"त्या पोरले जेवाले कोण घालस?" आई विचारायची. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या पोराला जेवूखाऊ घालावं लागत नाही ते काहीही चढेल.

पुस्तकातल्या बाळाचा पहिला शब्द 'आई' होता. माझा 'हाड' होता. कचेरीतले एक साहेब घरी आले होते आणि त्यांनी कौतुकाने माझा गाल धरला, तेव्हा मी तो उच्चारला असं आई सांगते. वडिलांच्या मते शब्द कुत्र्याला उद्देशून होता, साहेब मधे आले. पेन्सिलीच्या रकान्यात त्यांनी नुसतं 'बोलू लागली' असं लिहिलं.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा पुस्तकाचा उपयोग झाला नाही, कारण माझी जन्मतारीख कोणाला आठवत नव्हती. वडिलांना दुसऱ्या बाळाची सगळी तारीखवार माहिती होती, पण ते पुस्तकातलं. आईला आठवत होतं, की कापूस वेचणी चालू होती आणि सुईण उशिरा आली. मास्तरांनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. हात पुरला तर मूल सहाचं झालं, अशी तेव्हा सगळीकडे रीत होती. माझे हात लांब होते. मी कान धरून वर ओढूनही दाखवला. मास्तरांनी सहा वर्षं लिहिली आणि तारीख जून महिन्याची पहिली टाकली. आमच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं त्याच दिवशी जन्मली होती. सुईण उशिरा का आली ते मला तिथे कळलं.

एवढं झाल्यावर माझं वय दोन ठिकाणी मोजलं जाऊ लागलं. शाळेत ते हजेरीपटावर वाढे. घरी ते परकरावर वाढे.

दिवाळीच्या आधी शिंपी घरी येऊन बसायचा. म्हातारा होता, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. दोन दिवस ओसरीत त्याचं मशीन चाले आणि घरभराचे वर्षाचे कपडे होऊन जात. मुलीचा परकर तो तिच्या उंचीपेक्षा बराच लांब कापायचा आणि खालच्या बाजूला आडव्या तीन दुमडी घालून टीप मारायचा. पोर वाढली की एक दुमड उसवायची. मग दुसरी. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग तसाच राहिलेला असे, त्यामुळे पोर किती वाढली हे गल्लीतल्या कोणालाही लांबून वाचता येत असे. तिसरी दुमड उसवली की मुलीला नवा परकर मिळे, किंवा मग लुगडं. लुगडं नेसली की ती बाई. बाई शाळेत जात नाही. हा नियम कोणी सांगत नसे, कारण तो कोणाला माहीत नाही असं होत नसे.

चौथीपर्यंत वर्गात आणखी चौघी होत्या. एकेक करून त्या लुगड्यात गेल्या. पाचवीपासून पोरांत मी एकटी उरले. सातवीत पोरांचे आवाज फुटले आणि सकाळची प्रार्थना ऐकवेनाशी झाली. त्यांच्या ओठांवर लव आली, तिला ते दिवसभर बोटाने चाचपत. त्यांना कोणी घरी बसवलं नाही.

मला सातवीची फायनल परीक्षा द्यायची होती. फायनल झाली तर मास्तरीण होता येतं हे मला कळलं होतं. नंदुरबारला मी एकदा मास्तरीण पाहिली होती. तिच्या पायात चपला होत्या, हातात छत्री होती, आणि ती भर बाजारातून चालली असताना माणसं बाजूला सरत होती. ती कुठे चालली आहे हे तिला कोणी विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

परीक्षा चैत्रात होती. दिवाळीत चाचाने माझ्या परकराची शेवटची दुमड उसवली, कापड ताणून बघितलं आणि मान हलवली.

"कपडा सरी गया, बेटी. आते वाढनं बंद कर."

मी प्रयत्न केला. शाळेत जाता-येता गुडघे थोडे वाकवून चालायला लागले. पंधरा दिवसांत आईने माझ्या गुडघ्यांना तेल लावायला सुरुवात केली, तेव्हा मी सरळ चालू लागले. संक्रांतीला माझ्या पोटऱ्या दिसत होत्या. चाचाने आईच्या जुन्या लुगड्याचा काठ घेऊन परकराला खालून पट्टी जोडून दिली. हिरव्या परकराला लाल पट्टी. दुमड काय सांगत होती ते निदान गल्लीपुरतंच राही. पट्टी थेट चावडीवरून दिसायची.

वडिलांचं पुस्तक मी त्या सुमारास स्वतः वाचलं. बारा वर्षांपर्यंतच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यापुढच्या प्रकरणाची पानं एकमेकांना जोडलेली होती, छापखान्यातून आली तशी, कोणी कापलीच नव्हती. मी विळीने कापली. आत लिहिलं होतं, की या वयात कन्येच्या शंकांचं समाधान आईने हळुवार शब्दांत करावं. आई त्या वेळी गुरांना वैरण टाकत होती. माझ्या शंका आणि पुस्तकातल्या कन्येच्या शंका सारख्या असतील असं मला वाटलं नाही. 'बाहेर बसणं' माझं अजून सुरू झालं नव्हतं, आणि मला लुगडं नेसवायची घाई नको, असं म्हणायला आईजवळ तेवढा एकच मुद्दा होता.

होळीला फुई आली. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील तिच्यापुढे पुस्तकाचं नाव काढत नसत. ती दारातच थांबली आणि माझ्याकडे खालून वर बघत गेली.

"हाई पोर आते पोर ऱ्हायनी नही वं. तिना पाय दखाई ऱ्हायनात."

"परीक्षा व्हई जाऊ द्या, अक्का. मंग दखू," आई म्हणाली.

"काय दखशी? मन्हं लगीन व्हयनं तव्हय मन्हा दात पडी ऱ्हायंतात!"

फुईचं लग्न दुधाचे दात पडायच्या वयात झालं होतं, आणि त्या मानाने माझ्या बाबतीत तिने फार धीर धरला होता. ती रागाने बोलत नव्हती. गाठोडं सोडून तिने त्यातून एक नवं लुगडं काढलं, गडद जांभळं, बारीक पिवळ्या काठाचं. तिने स्वतः असलं कधी नेसलं नव्हतं. ते माझ्या हातात देताना तिचे डोळे भरून आले. मी ते परत देऊ शकले असते असं नंतर अनेकांनी मला सांगितलं. त्यांपैकी कोणी फुईला पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच बायका बोलावल्या, ओटी भरली, आणि मला नऊवारी नेसवली. एकीने कासोटा इतका घट्ट खोचला, की मी दोन दिवस बेतानेच वाकले. सगळ्या म्हणाल्या, बाई दिसायला लागली. त्यांच्या बोलण्यात दोन घरांची नावंही निघाली, जिथे मुलगे होते. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेतलं आणि ओसरीतून उतरले.

"कोठे चालनी वं?" फुईने विचारलं.

"शाळेत."

"लुगडं नेसीसन?"

"लुगडं नेसून शाळेत जाऊ नये असं कुठे लिहिलंय?"

फुईने वडिलांकडे बघितलं. वडिलांना लिहिलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारलं की ते ताठ बसत. ते म्हणाले, हे मुख्याध्यापकांनाच विचारलं पाहिजे. आम्ही तिघे शाळेत गेलो, फुई डोक्यावरून पदर घेऊन मागे. मुख्याध्यापकांनी कपाटातून नियमांची चोपडी काढली, चष्मा बदलून वाचली आणि सांगितलं, की विद्यार्थिनीने लुगडं नेसू नये असं यात नाही. नेसावं असंही नाही. तेव्हा धुळ्याला शिक्षणखात्याच्या साहेबांकडे लेखी विचारणा करावी लागेल.

"आन् तवलोंग?" फुईने विचारलं. तोवर काय करायचं?

मुख्याध्यापकांनी चोपडी परत कपाटात ठेवली. "तोवर तिला येऊ नको असं सांगायचा मला अधिकार नाही," ते म्हणाले.

मी वर्गात जाऊन बसले. घरी गेल्यावर फुई वडिलांना म्हणाली, की तिकडून कागद येईपर्यंत ती इथेच राहील. ती राहिली. रोज टपालवाला यायच्या वेळेला ओसरीत बसायची. कागद आला नाही. मी रोज शाळेत गेले. वर्गातली पोरं पहिले दोन दिवस माझ्याशी अहो-जाहो बोलली, तिसऱ्या दिवशी एकाने माझी दौत पळवली तेव्हा मी त्याला टपली मारली आणि सगळं पूर्ववत झालं.

परीक्षेचं केंद्र नंदुरबारला होतं. वडील मला बैलगाडीने तापी उतरून घेऊन गेले. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, की नेसू नये असं नसणं म्हणजे परवानगी धरता येते का. मी म्हटलं, गणिताचं विचारा.

फाटकावरच्या शिपायाने पोरांना आत सोडलं आणि मला अदबीने अडवलं. "बाई, पोरेसन्या माया तठे झाडखाल बठेल शेतस. तठे बठा." पोरांच्या आया झाडाखाली बसल्या होत्या, त्यांच्यात मी बसावं असं तो म्हणत होता.

"माझा नंबर आहे," मी म्हटलं.

"पोऱ्याना नंबर ना? तेले धाडा."

मी आत चालत गेले. त्याने हात धरून मागे ओढलं नाही. परकरात असते तर ओढलं असतं. आत पर्यवेक्षक उभे होते, जाड भिंगांचा चष्मा, कोटाला सगळी बटणं. ते मला बघून अर्धे वाकले.

"बाई, आपल्या मुलाचं काही राहिलं का?"

मी नंबराची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, मला वाचलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. वय: तेरा. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. ते म्हणाले, आपली ओळख पटवायला कोणी आहे का? वडील फाटकाबाहेर शिपायाला नियमांच्या चोपडीबद्दल सांगत होते, त्यांचा आवाज येत होता.

तेवढ्यात तरटावर बसलेल्या पोरांमधून आमच्या वर्गातला एक ओरडला, "साहेब, हाई आमनाच वर्गनी शे! गणित चुकनं का टपली मारस!"

दोघातिघांनी माना हलवून दुजोरा दिला. पर्यवेक्षकांचं समाधान झालं. आता प्रश्न उरला तो मला बसवायचं कुठे. पोरं जमिनीवर तरटावर बसली होती. लुगड्यातल्या बाईला त्यांच्या रांगेत बसवणं त्यांच्या मनाला पटेना. खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांनी स्वतः ओढून दिली, टेबलावरचे कागद बाजूला केले, आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

खुर्चीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते. पहिली दोन गणितं सुटली. तिसरं व्याजाचं होतं, ते तिथेच सोडून मी चौथ्यावर गेले. तासाभराने माझ्या खांद्यामागून अगदी हळू आवाज आला.

"बाई, आपली हरकत नसेल तर पाच मिनिटं मी बसू का? पायाला कळ लागलीय."

मी उठून उभी राहिले. ते बसले, पाय लांब केले, डोळे मिटले. मी टेबलावर वाकून उभ्याने व्याजाचं गणित सोडवलं. मग ते उठले आणि मी बसले. तीन तासांत आमची अशी चार वेळा अदलाबदल झाली. उरलेल्या पेपरांना त्यांनी शेजारच्या खोलीतून एक स्टूल मागवून घेतलं.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. धुळ्याचा कागद त्यानंतर महिन्याने आला. त्यात सदर विद्यार्थिनीचं वय कळवावं अशी विचारणा होती. मुख्याध्यापकांनी तो फाइलला लावला. फुई गावभर गूळ वाटत हिंडली. पोरीने परीक्षा कशी दिली असं कोणी विचारलं, की सांगायची, लुगडं मी दिलं होतं. ते खरंच होतं.