मागच्या पानावरचा शेरा

सुखदेवभाऊंनी भरलेला फॉर्म ओळखायला खालची सही बघावी लागत नसे. चौकटींतले आकडे ठसठशीत, पोस्टातल्या माणसाचे. चौकटी संपल्या की उरलेल्या कागदावर, वर, खाली, समासात, बारीक अक्षरांत मजकूर सुरू. तेवढ्यानंही भागलं नाही की कोपऱ्यात बाण आणि ‘मांगं पाहा’. मागं पाहावं तर आख्खं पान भरलेलं: ‘बाईची तब्येत बरी. मोठी सून नांदाले आली. म्हैस व्याली. पोरगा मॅट्रिकले बसला. खोकला नाई.’ आमच्या कामाचं त्यातलं एवढंच, खोकला नाही. पण तिथे पोचायला म्हशीवरूनच जावं लागे.

मी तेव्हा मुंबईच्या एका कर्करोग रुग्णालयात आकडेमोडीच्या विभागात होते. सत्तर सालानंतरची ती वर्षं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर गोळ्या दिल्या तर रोग उलटायचा थांबतो का, हे पाहणारी एक चाचणी चालू होती. निम्म्या बायकांना नव्या औषधाच्या गोळ्या. उरलेल्यांना अगदी तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कोणाला कुठल्या, हे ना त्यांना ठाऊक ना डॉक्टरांना. ते एका सीलबंद यादीत. बायका गावी गेल्या की त्यांना गोळ्या पोचवायला आणि त्यांचा माग ठेवायला भागाभागात माणसं नेमलेली. वाशीम, रिसोड, मालेगाव हा टापू सुखदेवभाऊंचा. ते वाशीमचे, पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले.

त्यांचे फॉर्म आले की मी ते आकड्यांत उतरवायची, आकड्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, आणि दर गुरुवारी कार्डांचे ट्रे मांडीवर घेऊन आम्ही टॅक्सीने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचो. कारण संगणक आमचा नव्हता. पाच संस्थांत मिळून एक. आमची पाळी गुरुवारी दुपारी तीन तास. ती हुकली की पुढचा गुरुवार. एका कार्डावर ऐंशी रकाने, आणि एका बाईची तीन महिन्यांची हकीकत त्या ऐंशीत बसवायची. म्हशीला रकाना नव्हता.

एकदा सगळ्या फिरत्या माणसांना दोन दिवस मुंबईला बोलावलं होतं, तेव्हा मी त्यांना प्रथम पाहिलं. काळेसावळे, काटक, धोतर आणि वर पोस्टाचाच जुना खाकी कोट. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असत. त्यांनी काढल्या, वर हातही जोडले. आतल्या थंडीने कानावरून उपरणं गुंडाळून घेतलं आणि मला विचारलं, “ताई, हे कोनाचं म्हनावं?”

“सगळ्यांचं. पाळीपाळीने वापरायचं.”

“म्हंजे सामाईक इहिरीवानी. आमची अन् चुलत्याची एकच इहीर हाय. सोमवार त्यायचा, मंगळवार आमचा.” मग जरा विचार करून, “ह्याले खोटं सांगतलं त समजते का?”

“नाही समजत. कार्डावर असेल तेच त्याच्यासाठी खरं.”

“मंग आपल्यालेच जपा लागते,” ते म्हणाले, आणि कोणीतरी मोठं माणूस झोपलेलं असावं तसे पावलं न वाजवता बाहेर आले. बरोबरचे हसले. मीही हसले.

फॉर्मच्या पहिल्या चौकटीत रुग्ण जिवंत असेल तर एक, गेला असेल तर दोन आणि सापडत नसेल तर नऊ लिहायचे. इतरांच्या गठ्ठ्यांत नवांचा सुकाळ. सुखदेवभाऊंच्या फॉर्मवर मी नऊ कधी पाहिला नाही. विचारलं तर म्हणाले, “नऊ लिवाले काय लागते? मानूस कुठी जाते? पाय असले त पत्ता सापडते.” आणि त्यांची रीत सांगितली. ज्या घरी जायचं त्या घरी आधी जायचंच नाही. पिठाच्या गिरणीवर बसायचं. “गावाले इचारलं त गाव सांगते. घराले इचारलं त घर लपवते.” लपवण्याचंही कारण असे. घरात असा रोग आहे म्हटलं की पोरीचं लग्न अडतं. म्हणून ते दारात कधी दवाखान्याचं नाव काढत नसत. खाकी कोट, खांद्याला थैली, आणि मोठ्याने हाक, “कागद हाय वं बाई, मुंबईचा!” शेजाऱ्यांना वाटे, मनीऑर्डर आली. निवृत्तीनंतर तो कोट ते कशासाठी वापरत, हे मला तेव्हा कळलं आणि मघाशी हसल्याची लाज वाटली.

त्यांच्या टापूत दोन बायका होत्या, अनुसयाबाई आणि चंदाबाई. अनुसयाबाई रिठदच्या, घरी माळवं. वांगी-मेथी घेऊन वाशीमच्या बाजाराला यायच्या. चंदाबाई जऊळक्याच्या, जैन, नवऱ्याचं किराणा दुकान. या दोघींचा एरवी काय संबंध? पण शस्त्रक्रियेच्या वेळी मुंबईच्या धर्मशाळेत त्या शेजारी शेजारी उतरल्या होत्या. चंदाबाईंना कांदा-लसूण, बटाटा चालत नसे, दिवस मावळल्यावर जेवण नाही, आणि हात तर वर उचलत नव्हता. अनुसयाबाईंनी महिनाभर त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून उन्हं कलायच्या आत वरण-भात केला. तेव्हापासून बहिणी. गोळ्यांचं पार्सल दर महिन्याला सुखदेवभाऊंकडे येई, आणि दोघी बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर येऊन आपापली पाकिटं नेत.

एका बाजाराला सुखदेवभाऊ घरात शिरले तर ओसरीवर मधे परात, दोन्ही पाकिटं तिच्यात ओतलेली, आणि दोघी समोरासमोर बसून एक तुला एक मला अशा गोळ्या वाटून घेताहेत. त्यांनी कपाळावर हात मारला. “काहून वं? हे काय मुरमुरे हायेत का?”

अनुसयाबाई म्हणाल्या, “भाऊ, इले ओकाऱ्या होत होत्या. पोटात अन्न ठरत नोतं. मले त काईच होत नोतं. इचा आर्धा तरास म्या घेतला त काय बिघडलं?”

हे सगळं मला कसं ठाऊक? मागच्या पानावर होतं. परात, मुरमुरे, अनुसयाबाईंचं वाक्य, सगळं. शेवटी लिहिलं होतं: ‘दोन महिन्यांपासून असं चालू हाय. माह्या मतानं हे डाक्टर सायबाले सांगावं. ते काय म्हनतात ते कळवावं, म्हंजे बायकाइले तसं सांगतो.’

मी ते वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. वाचून डोळे भरले, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. मग चौकटीकडे आले. ‘गोळ्या नियमित घेते का?’ होय असेल तर एक, नाही तर दोन. रोज ठरलेल्या संख्येने गोळ्या तर दोघी घेतच होत्या. मी दोन्ही फॉर्मवर एक घातला. तो मंगळवार होता, गुरुवारची पाळी तोंडावर, दोनशे फॉर्म उरलेले. चाचणी चालवणारे डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी. ते आले की सांगू, असं ठरवून मी तो कागद खणात ठेवला. पुढे स्वतःला सांगत आले की सांगितलं असतं तर दोघींची नावं चाचणीतून निघाली असती, फुकटच्या गोळ्या बंद झाल्या असत्या, म्हणून दयेपोटी गप्प बसले. ते खरं नाही. आळस केला, आणि मग विसरले.

आमच्या विभागातून दर तिमाहीला सगळ्या फिरत्या माणसांना एक छापील कार्ड जाई: ‘आपले फॉर्म मिळाले. काम समाधानकारक आहे. असेच चालू ठेवावे.’ खाली माझी सही. शंभर कार्डांवर सह्या करताना हात दुखतो, एवढंच माझं त्या कार्डाबद्दलचं मत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चंदाबाईंचा फॉर्म आला. पहिल्या चौकटीत दोन. रोग फुप्फुसात उलटला होता. समास कोरा, मागचं पान कोरं. सुखदेवभाऊंचा कोरा कागद मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खणातला दुसरा कागद मला तेव्हा आठवला. तरीही मी काही बोलले नाही. आता बोलून काय होणार, असं मनाशी म्हणाले. माणूस दुसऱ्यांदा गप्प बसतो तेव्हा फार शहाण्यासारखा विचार करतो.

चाचणी संपली, सीलबंद यादी उघडली. चंदाबाईंच्या पाकिटात औषध होतं. अनुसयाबाईंच्यात नव्हतं. त्या दिवशी मात्र मी तो कागद घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. पूर्ण औषध पोटात गेलं असतं तर त्या जगल्या असत्या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “एका बाईबद्दल हे कधीच सांगता येत नाही.” दोन्ही बायकांची कार्डं गठ्ठ्यातून काढली, सगळी कोष्टकं पुन्हा काढावी लागली, आणि आणखी असे कागद कुठे आहेत का ते समक्ष पाहायला मला वाशीमला धाडलं.

अकोल्याहून छोट्या गाडीने वाशीमला उतरले. सुखदेवभाऊ स्टेशनवर आले होते. घरी चहा झाल्यावर त्यांनी आपण होऊन विषय काढला. “ताई, तो परातीचा मजकूर म्या लिवला, अन् महिनाभर झोप नाई आली. बायकाइले म्हनलं, थांबा, मुंबईहून काय येते ते पाहू. मंग तुमचं कार्ड आलं. समाधानकारक हाय, असंच चालू ठेवावं. तवा जीव भांड्यात पडला. दोघीइले वाचून दाखवलं. म्हनलं, डाक्टरायनं पाह्यलं, वाटून घ्या खुशाल.”

मी कप खाली ठेवला. “भाऊ, तुमचं लिहिलेलं मी कोणाला दाखवलंच नव्हतं. ते कार्ड छापील होतं. सगळ्यांना जातं.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही, पत्त्यावर गेल्यावर घरच नसावं तसे. मग उठले, अंगणात गेले आणि हवा भरलेल्याच सायकलमध्ये पंपाने हवा भरत बसले. परत आले तेव्हा म्हणाले, “चाला. रिठदले जाऊन येऊ. अनुसया तुमची वाट पाहून राह्यली.”

दुपारच्या एस.टी.ने आम्ही रिठदला गेलो. अनुसयाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. धडधाकट, तकतकीत. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि जुडी बांधता बांधताच, वर न बघता विचारलं, “ताई, तुमाले ठाव असन. म्या तिच्या गोळ्या खाल्ल्या तवा मले बी ओकाऱ्या झाल्या. म्हंजे खरं औषद तिच्यात होतं. तिच्या वाट्याचं म्या खाल्लं म्हून गेली का ती?”

इतकी वर्षं ती बाई हे उराशी घेऊन जुड्या बांधत होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे. डॉक्टरांचं वाक्य असेल, किंवा खरं काय ते असेल.

सुखदेवभाऊ माझ्या आधी बोलले. “अनुसया, तुहं काई चुकलं नाई. मुंबईले म्या कळवलंच नोतं. लिवायचं राहून गेलं. ते कार्ड दुसऱ्याच कामाचं होतं, म्या तुमाले उगाच वाचून दाखवलं. कळवलं असतं त डाक्टरायनं तवाच रोकलं असतं. चूक माही हाय.”

अनुसयाबाईंचे हात थांबले. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमच्या भरोशावर होतो न आमी.” मग उठल्या आणि घरात गेल्या. चहा ठेवायला गेल्या असं मला वाटलं. त्या बाहेर आल्या नाहीत. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

परतीच्या एस.टी.त मी रडायला लागले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिले शिव्या द्याले कोनीतरी पाह्यजे होतं, ताई. नाई त सोतालेच देत राह्यली असती. तुमी त उद्या चालल्या.”

मी खरंच दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर सुखदेवभाऊ तीन वर्षं होते. ते गेल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं. त्याने लिहिलं होतं की अनुसयामावशी त्या दिवसापासून ओसरीवर आल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी बाबा दारात बसायचे, त्या समोरच्या बाजूने टोपली घेऊन निघून जायच्या. मातीलाही आल्या नाहीत. बाबांनी त्यांचं काय वाईट केलं ते घरात कोणाला माहीत नाही, तुम्हाला माहीत असलं तर कळवावं.

त्या पत्राला मी उत्तर दिलं. दुःख झाल्याचं लिहिलं, त्यांच्या कामाचं खूप कौतुक लिहिलं. त्याने विचारलं होतं तेवढं सोडून सगळं लिहिलं.