काट्यांच्या बाजूचा गोल

फसली तेराशे त्रेपन्न, बहमन महिना. इंग्रजीप्रमाणे त्रेचाळीसचा डिसेंबर. वार शुक्रवार, म्हणजे निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी. दुपारची नमाज आटोपून माणसं मैदानाकडे येऊ लागली होती.

हजर: आमच्या धाराशिवच्या हायस्कुलाचे अकराजण, त्यांत मी राइट हाफ. गुलबर्ग्याचा संघ, नवाकोरा फुटबॉल घेऊन आलेला. आमचे ड्रिल मास्तर. पलटणीत नोकरी करून आले होते आणि सगळा गाव त्यांना उस्ताद म्हणायचा. हेडमास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर हैदराबादच्या एका कॉलेजातले प्रोफेसर. गैरहजर: आमच्या सेंटर फॉरवर्डचे वडील.

त्यांचं आधी सांगतो, कारण त्या दिवशीचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून होतं. ते रंगारी. पागोटी आणि लुगडी रंगवायचा त्यांचा धंदा. मुलाला त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं: हैदराबादचं कॉलेज तुला पुढं ठेवून घेणार असेल, राहणं-जेवण देणार असेल, तर इथंच थांब आणि मॅट्रिक कर. नसेल, तर सोलापूरला मामानं गिरणीच्या रंगखात्यात जागा धरून ठेवली आहे, उद्याच्या गाडीनं निघ. काय ते संध्याकाळपर्यंत कळव. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कॉलेज नव्हतं. हैदराबादला ऐपतवाल्यांचीच मुलं जात. फक्त चांगल्या खेळाडूंना ते कॉलेज फुकट ठेवून घेई, आणि त्या वर्षी तशी एकच जागा उरली होती. तिच्यासाठीच प्रोफेसर जिल्ह्याजिल्ह्यात सामने बघत फिरत होते.

तेव्हा आमच्या सेंटरला गोल हवा होता. संघ जिंकला नसता तरी चाललं असतं.

सुरुवात आमची चांगली झाली. बॉल आमच्याकडेच जास्त होता. मी राइट आउटला द्यायचो, तो राइट इनला, तो सेंटरला. गुलबर्ग्याचे हाफ नुसते मागं धावत होते. लोक वाहवा करत होते. गोलापाशी आलो की मात्र काहीतरी व्हायचं. राइट इनला जागा मिळायची आणि तो बॉल सेंटरला द्यायचा. सेंटरला जागा मिळायची, तो आणखी एकाला चुकवायचा, मग आणखी एकाला, आणि तेवढ्यात तिसरा येऊन बॉल काढून न्यायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग मोजायचंच सोडून दिलं. त्यांचा एक आडदांड बॅक होता, त्यानं हे लवकर ओळखलं. तो पुढं यायचाच बंद झाला. गोलाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि हसायचा, "आओ आओ, घर तक आओ!"

उस्ताद रेषेबाहेरून ओरडत होते, "क्या रे मियां, गोल में बारात ले जारे क्या? घोडा मंगाऊं?"

लोक हसले. सेंटर हसला नाही. त्याची नजर खुर्चीकडे गेली. प्रोफेसर घड्याळ बघत होते. येडशी स्टेशनावर त्यांना रात्रीची गाडी गाठायची होती आणि टांगा झाडाखाली उभाच होता.

मध्यंतराच्या जरा आधी त्यांच्या लेफ्ट इननं लांबूनच एक टोला हाणला. आमचा गोली जागचा हलला नाही. बॉल आत.

आम्ही चिंचेखाली गोळा झालो. माठातलं पाणी प्यायलो आणि भांडलो. राइट आउट म्हणाला, नवा बॉल हलका आहे, पायाखाली थांबत नाही. कोणी म्हणालं, रेफरी त्यांच्या बाजूचा. सेंटर मला म्हणाला, "तू मला पाठीत बॉल देतो. समोर दे ना!"

"समोर दिला तरी तू मागंच फिरवतोस."

"मग तू खेळ सेंटरला!"

आमचा गोली तेर गावच्या पाटलाचा मुलगा. तो माठापाशी उकिडवा बसला होता. उस्तादांकडे बघत म्हणाला, "उस्ताद, रागावू नका, पण सांगतो."

"बोल."

"मी मागं उभा ऱ्हातो. मला ह्यांच्या पाठीच दिसत्यात. गोल जवळ आला की म्होरचे पाचीच्या पाची आखडत्यात. ह्यो म्हणतो तू घे, त्यो म्हणतो तू घे. मारीत कुणीच न्हाय. आमी आजवर सराव केला कुठं? काट्याच्या बाजूला."

ते खरं होतं. मैदानाची एक बाजू ओढ्याकडे उतरलेली, तिकडे बॉल गेला की आणायला खाली पळावं लागे. म्हणून सराव नेहमी दुसऱ्या गोलावर. त्या गोलाच्या लगेच मागं एका शेताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. आणि लढाईमुळं रबर मिळत नव्हतं. शाळेकडे एकच बॉल. त्याच्या ब्लॅडरवर सायकलवाल्यानं इतकी ठिगळं लावली होती की तो घरंगळताना लंगडायचा. ब्लॅडर फुटला तर दुसरा सोलापुरातही नव्हता. उस्तादांचाच नियम होता: बॉल काट्यात घालवील तो आठवडाभर मैदानाबाहेर. आम्ही बॉल वाचवायला शिकलो. गोलाच्या रेषेपर्यंत पायाशी धरून न्यायचा आणि हलकेच आत ढकलायचा. गावात त्या खेळाचं कौतुकही व्हायचं.

"आनि तो त्यांचा गोल झाला तवा," गोली म्हणाला, "मला वाटलं गडी पास देतोय. इतक्या लांबनं कुनी मारतं, हे मी बगितलंच न्हाय कधी."

उस्तादांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला वाटलं आता याच्या कानाखाली बसणार. ते म्हणाले, "सुनो. आज मारो. कहीं से भी मारो. बॉल काटे में गया, तो जिम्मा मेरा."

मध्यंतरानंतर आमचा हल्ला काट्यांच्या बाजूला होता.

आता मारायची परवानगी होती, पण पायांना ती कळत नव्हती. राइट इननं मारला तो असा, की त्यांच्या गोलीनं वाकून उचलून घेतला. लेफ्ट आउटनं डोळे मिटून मारला, तो मैदानाबाहेर आडवा गेला. तो बॅक मोठ्यानं म्हणाला, "अरे, किसी ने खाना नहीं खिलाया क्या इनको?"

मग मी एक बॉल अडवला आणि दोघांच्या मधून सेंटरच्या पुढं टाकला. या वेळी समोर. तो बॅक चुकून उजवीकडे सरकला होता. पुढं फक्त गोली. प्रोफेसर खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळं मैदान ओरडत होतं, "मार! मार!" आमचा गोली तिकडच्या टोकावरून, "आरं हान की!" सेंटर धावला, पाय मागं नेला, आणि गोलाच्या पलीकडं बघितलं. मी जवळच होतो, मला त्याची नजर दिसली. पाय खाली आला तो बॉलवर अलगद टेकला. बॅकनं पळत येऊन बॉल काढून घेतला.

प्रोफेसर बसले. हेडमास्तर त्यांना काहीतरी सांगू लागले, त्यांनी हातानं नको म्हटलं.

सेंटर माझ्या बाजूनं परत जाताना तोंडातल्या तोंडात म्हणाला, "सोलापूर."

"खेळ अजून," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऊन उतरलं होतं. थोडाच वेळ शिल्लक असेल, कोपऱ्यातून आलेला बॉल कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून उंच उडाला आणि सेंटरच्या पुढं पडू लागला. बराच लांब. विचार करायला सवडच नव्हती. बॉल जमिनीला लागायच्या आत त्यानं मारला. असा आवाज आमच्या मैदानात मी कधी ऐकला नव्हता. त्यांचा गोली जागेवरच राहिला. बॉल गोलाच्या आडव्या बांबूवरून हातभर वर गेला आणि सरळ कुंपणात. फुस्स झालेलं सगळ्यांना ऐकू आलं.

गुलबर्ग्याचा कॅप्टन दोन्ही हात डोक्याला लावून बसला. उस्ताद त्याच्याकडे गेले, काही बोलले, आणि आमचा लंगडा बॉल आत टाकला. त्या बॉलनं उरलेला खेळ झाला. गोल झाला नाही. आम्ही हरलो.

प्रोफेसर टांग्यात चढता चढता उस्तादांशी बोलले. सेंटर, गोली आणि मी चार हात अंतरावर उभे होतो.

"पाय चांगला आहे मुलाचा," ते म्हणाले. "पण एका टोल्यावर मी जागा देऊ शकत नाही. अजून रायचूर बघायचं आहे. मॅट्रिक झाल्यावर त्याला हैदराबादला घेऊन या. मी गोलावर मारायला लावीन. मारले, आणि जागा राहिली असली, तर बघू."

"होय समजू का, साहेब?" उस्तादांनी विचारलं.

"होय नाही. नाहीही नाही."

टांगा गेला. उस्ताद आमच्याकडे वळले. सेंटरनं मातीनं भरलेले पाय एकमेकांवर घासले. म्हणाला, "अब्बाला काय सांगायचं?"

"होय म्हणून सांगू," गोली म्हणाला. "पुढचं पुढं."

"नको. खोटं नको. अब्बा त्यावर मामाला नकार कळवतील. मग ती जागाही गेली."

"खरं सांगितलंस तर तुला उद्याच गाडीत बसवतील," मी म्हटलं.

उस्ताद म्हणाले, "चलो. मी येतो."

आम्ही चौघं निघालो. रंगाऱ्याच्या दारात दोरीवर पागोट्यांचे लांब पट्टे वाळत होते, त्यांच्याखालून वाकून आत जावं लागे. वडील हौदापाशी उभे होते, हात कोपरापर्यंत निळे. उस्ताद स्वतः आलेले बघून त्यांनी लगबगीनं बाज पुढं ओढली, पण कुणी बसलं नाही.

"बोला," ते म्हणाले. "काय ठरलं?"

उस्तादांनी सेंटरकडे बघितलं. सेंटरनं माझ्याकडे. वडील हात पुसायचे थांबून वाट बघत होते, आणि उत्तर द्यायचं अजून बाकी होतं.